सातव्या आवृत्तीचं खूळ

आमच्या जोयडा तालुक्यातल्या रामनगरच्या किराणा दुकानात काट्यावर गूळ, शेंगदाणे, सुक्या मिरच्या तोलतात. गेल्या पावसाळ्याआधी मी त्या काट्यावर बूट तोलून घेतले. दुकानदाराने आधी जुना पेपर अंथरला, काटा शून्यावर आणला आणि डावा बूट ठेवला. २६८ ग्रॅम. तो उतरवून दुसऱ्या खोक्यातला डावा ठेवला. २८१ ग्रॅम. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, एकाच मापाचे. पहिला सातव्या आवृत्तीचा, दुसरा आठवीचा. धावणारी पोरं ‘व्हर्जन’ म्हणतात. मी मराठीचा मास्तर, माझ्या तोंडी आवृत्तीच येते.

‘म्हणजे मास्तर, तेरा ग्रॅम जास्तीचे पैसे लावले म्हणा,’ दुकानदार म्हणाला. मी म्हणालो, ‘पैशाचं सोडा, तेरा ग्रॅम गेले कुठे ते शोधायला हवं.’ मागे उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे बघितलं. गावात याला खूळ म्हणतात. शब्द बरोबर आहे. मला याच खुळाची स्तुती करायची आहे, आणि ती अगदी मनापासून करायची आहे.

हे खूळ माझ्या एकट्याचं नाही. नाइकेचा पेगॅसस १९८३ साली निघाला आणि २०२४ मध्ये त्याचा आकडा ४१ वर गेला. असिक्सचा जेल-कायानो १९९३ चा. तोशिकाझु कायानो या रचनाकाराचंच नाव त्याला दिलेलं आहे, आणि २०२३ मध्ये त्याची तिसावी आवृत्ती आली. दर वर्षा-दीड वर्षाने जुना बूट दुकानातून जातो आणि त्याच नावाचा नवा येतो. आणि मग पुण्यात, हुबळीत, बोस्टनमध्ये, नैरोबीत माणसं जुना आणि नवा शेजारी ठेवून बसतात. अंगठ्याने दाबतात. टाचेची जाडी मोजतात. जीभ पातळ झाली, लेसची भोकं एकाने कमी झाली, टाच तीन मिलिमीटरने वर गेली, अशा नोंदी करतात. होकाच्या क्लिफ्टन नावाच्या बुटात टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक पाच मिलिमीटर असे. २०२५ च्या दहाव्या आवृत्तीत तो आठ झाला. तीन मिलिमीटर म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन नाणी. एवढ्यासाठी माणसं हळहळली, भांडली, काहींनी नवव्या आवृत्तीचे जोड जमवून ठेवले. मला त्यांच्याविषयी फार आपुलकी वाटते.

मराठी माणसाला तर या कामाची लाज वाटायचं काहीच कारण नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती समोर ठेवल्या आणि नकलाकारांच्या हातून शिरलेले चुकीचे पाठ काढून ग्रंथ शुद्ध केला. शब्द कुठे बदलला, कोणाच्या हाताने बदलला, बदलाने अर्थ सुधारला की बिघडला, हे पाहणं म्हणजे पाठभेद पाहणं. वर्गात मी तेच शिकवतो. धावणारा माणूस तळव्याने पाठभेद पाहतो. ग्रंथ पवित्र आणि पाय अपवित्र, असं मानणाऱ्याला ही तुलना खटकेल. मला खटकत नाही.

आता तेरा ग्रॅमचं सांगतो. बुटाचा जीव मधल्या थरात असतो. वरचं कापड आणि खालचं रबर यांच्यामधला जाड, हलका फोम. १९७० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत ईव्हीए नावाचा फोम धावायच्या बुटांत आला आणि तेव्हापासून मऊपणाची ही सगळी कथा सुरू झाली. या फोममध्ये हवेचे लाखो बारीक बंद कप्पे असतात. पाय पडला की ते दबतात, उचलला की फुगतात. एका किलोमीटरला प्रत्येक पायाखाली चार-पाचशे वेळा हे घडतं. कप्प्यांच्या भिंती दमतात, काही फुटतात, काही दबलेल्याच राहतात. काही शे किलोमीटरनंतर बूट बाहेरून चांगला दिसतो आणि आतून मेलेला असतो. पुढे २०१३ मध्ये आदिदासने बारीक मण्यांसारखे दाणे वाफेने एकजीव केलेला फोम आणला, २०१७ मध्ये नाइकेच्या शर्यतीच्या बुटात त्याहून हलका आणि उसळी घेणारा फोम आला, आणि २०२० मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतीसाठी नियमच करावा लागला की तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको. माझ्या आठव्या आवृत्तीत फोमचा थर सातवीपेक्षा जाड आहे. तेरा ग्रॅम तिथे गेले.

जाड आणि मऊ. सातवी त्यामानाने घट्ट. हा फरक शब्दांत सांगणं परदेशी माणसाला अवघड जात असेल. त्याच्याकडे फणस नाही. आमच्याकडे लहान पोरालाही विचारा, कापा आणि बरका यांतला फरक तो बोटाने दाखवेल. काप्याचा गरा दाताला लागतो, बरका घशातून घसरतो. कोकणात आणि जोयड्यात या दोन पक्षांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहे; बारशाला, बाराव्याला, फणसाखाली बसलं की वाद निघतो, आणि त्या वादाला कोणी खूळ म्हणत नाही. ती चव आहे, ती जाण आहे. माझी सातवी आवृत्ती कापा होती. आठवी बरका आहे. टाच टेकली की ती आधी आत जाते, मग थोडी घुटमळते, मग वर देते. तिनईघाटाकडच्या चढावर हे घुटमळणं मला पोटरीत कळतं. सपाटीला मात्र आठवी गोड लागते, हे कबूल करायला हवं.

जिभेच्या जाणकारीला मान आणि पायाच्या जाणकारीला खूळ, असं का व्हावं? वहाणेने पायातच राहावं, अशा अर्थाची एक म्हण आपल्याकडे आहे. ती म्हण माणसांबद्दल वापरली जाते आणि जिच्या-ज्याच्याबद्दल वापरली जाते त्यांना ती काय करते हे मी वर्गात पाहिलेलं आहे. पाय खालचा, पायातलं त्याहून खालचं, ते शिवणारा सगळ्यात खालचा. अशा समाजात जन्मून कोणी आपल्या तळव्याखालच्या तीन मिलिमीटरविषयी तासभर बोलतो, म्हणजे तो हजार वर्षांची एक सवय मोडतो आहे. त्याच्या नकळत का असेना.

आणि जुनी गोष्ट सांगायची तर आपल्या पुराणांनी पायाला इतकं खाली कधी ठेवलंच नव्हतं. महाभारताच्या अनुशासनपर्वात जमदग्नी बाणांचा सराव करतो आणि रेणुका धावत जाऊन ते बाण वेचून आणते. ज्येष्ठाचं ऊन. डोकं तापतं, तळवे पोळतात, ती एका झाडाच्या सावलीत घटकाभर थांबते आणि उशिरा परतते. कारण कळल्यावर जमदग्नी चिडून सूर्यालाच बाण मारायला उठतो. तेव्हा सूर्य खाली येतो, शरण जातो आणि दोन वस्तू देतो: छत्री आणि पादत्राणं. म्हणजे जगातला पहिला जोड एका धावणाऱ्या बाईच्या पोळलेल्या पायांमुळे निर्माण झाला. तिचं देऊळ आमच्यापासून फार लांब नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर ती यल्लम्मा म्हणून बसलेली आहे आणि आमच्या भागातली कित्येक घरं तिला जातात. त्या वाटेवर मी दोन-तीनदा गेलो आहे. दर वेळी मला हाच प्रसंग आठवतो आणि वाटतं, सूर्याने दिलेला तो जोड रेणुकेने घालून पाहिला असेल, चार पावलं टाकली असतील, आणि टाचेला जरा घट्ट आहे असं म्हटलं असेल. कोणी लिहून ठेवलं नाही इतकंच.

भरताचं काय? अयोध्येचं सिंहासन समोर असताना त्याने त्यावर थोरल्या भावाच्या पादुका ठेवल्या आणि चौदा वर्षं त्यांच्या नावाने राज्य चालवलं. आषाढात आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालख्यांमध्ये काय असतं? पादुका. लाखो माणसं अडीचशे किलोमीटर चालतात ती पादुकांच्या मागे. जुन्या जोड्यावर जीव लावणं हे ज्या संस्कृतीत वेडेपण ठरायला हवं, ती ही नव्हे. माझ्या माळ्यावर सातव्या आवृत्तीचे दोन कोरे जोड डबीत कापूर घालून ठेवले होते, तेव्हा बायको म्हणाली, ‘आरती कधी करायची?’ ती हसत म्हणाली, पण मला ते बोलणं बरोबर वाटलं.

अनवाणी पायांचीही एक थोर गोष्ट आहे आणि ती आमच्या शेजारची आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली, त्यांच्या वेळा पाहिल्या, आणि हिंदुस्थानाने ऑलिंपिकला माणसं पाठवली पाहिजेत असं त्यांनी मनावर घेतलं. १९२० मध्ये अँटवर्पला जो संघ गेला त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब. चौगुले दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंदांत एकोणिसावे आले. बेळगावचा माणूस. माझ्या घरून बसने दोन तासांवरचा. त्यांच्या पायाखाली किती जाडीचा तळ होता हे कोणी मोजलं नाही, कारण तेव्हा हिंदी पायाखाली काय असावं हा कोणाच्या विचाराचा विषयच नव्हता. पुढे १९६० मध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला रोमच्या दगडी रस्त्यांवर अनवाणी धावला आणि दोन तास पंधरा मिनिटं सोळा सेकंदांत जिंकला. १९६४ ला टोकियोत तोच माणूस बूट घालून दोन तास बारा मिनिटं अकरा सेकंदांत जिंकला. लोक रोमच्या अनवाणी बिकिलाची तसबीर लावतात. मला टोकियोचा बिकिला जास्त आवडतो. बूट घालून त्याचं काही कमी झालं नाही; तो तीन मिनिटांहून जास्त वेगवान झाला.

आमच्या जिल्ह्यात तर हा विषय अजून जवळचा. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, जोयडा या तालुक्यांच्या रानात सिद्दी समाज राहतो. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची ही लेकरं. १९८७ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष योजनेतून त्यांची मुलंमुली निवडली, वसतिगृहात ठेवली, प्रशिक्षक दिले. कमला सिद्दी, फिलिप सिद्दी यांच्यासारखी नावं राष्ट्रीय स्पर्धांत चमकली. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला योजना बंद पडली आणि पोरं परत रानात आली. त्या मुलांविषयी लिहिताना बाहेरचे लोक एक वाक्य हटकून लिहितात: ही मुलं अनवाणी धावतात, म्हणून इतकी चिवट. मला हे वाक्य सहन होत नाही. अनवाणी असणं हा त्यांनी निवडलेला मार्ग नव्हता. बूट नव्हते म्हणून अनवाणी. ज्याच्याकडे सातवी आणि आठवी दोन्ही आहेत आणि तो दोन्ही काढून गवतावर धावतो, त्याचं अनवाणीपण वेगळं. जोयड्याच्या जांभ्या दगडावर, पावसात जळवा चढत असताना, काट्यातून शाळेला येणाऱ्या पोराचं वेगळं. माझ्या शाळेतल्या एका मुलीला जिल्हा स्पर्धेआधी तिच्या मामाने पहिले धावायचे बूट आणून दिले. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘सर, डाव्याच्या आत करंगळीला कायतरी लागतंय.’ मला इतका आनंद झाला. बारा वर्षांची पोर, पायात आयुष्यातला पहिला बूट, आणि पहिल्या दिवशी तिने तक्रार केली. पायाला तक्रार करायचा हक्क मिळाला की माणूस तो लगेच वापरतो. आम्ही दोघांनी बसून आतली शिवण शोधली आणि मेणबत्तीने घासून मऊ केली.

पायाचं खरं खोटं ठरवायला विद्वानही बसलेले आहेत. २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की कायम अनवाणी धावणारे चवड्यावर किंवा सपाट पावलावर उतरतात आणि टाचेवरचा आदळ टाळतात. त्या सुमारास अनवाणी धावण्याची लाट आली. तिच्या भर लाटेत, २००९ मध्ये, फ्रान्समधल्या अन्सी गावात दोन माणसांनी होका कंपनी काढली आणि नेमके उलटे, सगळ्यांत जाड तळाचे बूट आणले. दोन्ही पक्ष आजही आहेत. लक्झेंबर्गच्या संशोधकांनी ८४८ धावणाऱ्यांना दिसायला सारखे, पण कमी-जास्त मऊ तळाचे बूट दिले. कोणाला कोणता मिळाला हे त्यांना माहीत नव्हतं. २०२० मध्ये निकाल आला: कडक तळवाल्यांना दुखापतीचा धोका दीडपट. त्याच गटाच्या आधीच्या एका पाहणीत २६४ धावणाऱ्यांना २२ आठवडे पाहिलं, आणि एकाहून जास्त जोड आलटून पालटून वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी निघाला. वेगवेगळ्या बुटांत पायावरचा भार वेगवेगळ्या जागी पडतो, एकच जागा रोज मार खात नाही, असं त्यांचं म्हणणं. सातवी आणि आठवी दोन्ही घरात ठेवणाऱ्या माणसाला याहून मोठा आधार कोणता हवा? मी तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे आणि बायकोलाही दाखवला आहे.

मात्र माझ्या या खुळाचं मूळ पाहणीत नाही. ते पाण्याखाली आहे.

रामनगर हे गाव सुप्याच्या धरणामुळे उठलेल्या माणसांचं. काळी नदीवर गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं धरण बांधलं, ते १९८७ मध्ये पुरं झालं, आणि तालुक्याचं जुनं ठाणं सुपा पाण्यात गेलं. कचेऱ्या जोयड्याला आल्या, माणसं इकडे तिकडे पांगली, काही इथे आली. आमचं घर त्यातलं. माझ्या आजीने तेव्हापासून मरेपर्यंत दोन गावांची तुलना केली. तिकडची विहीर गोड, इकडची मचूळ. तिकडे पहाटे देवळाची घंटा घरात ऐकू यायची, इकडे लॉरी. तिकडच्या अंगणातल्या मातीत पाय टाकला की गार लागायचा, इकडची तापते. अंगणातल्या मातीचा गारवा! लोक म्हणायचे, म्हातारी खुळावली आहे, गेलेलं गाव काय परत येणार आहे. नुकसानभरपाईच्या कागदावर जमीन होती, झाडं होती, घराच्या भिंती होत्या. मातीचा गारवा कुठल्या रकान्यात लिहिणार? तो फक्त आजीच्या तळव्यात होता. तिने दुसरं काही मागितलं नाही. तिला फक्त एवढं हवं होतं की कोणीतरी कबूल करावं, नवं तसं नाही.

तेव्हा मला ते रडगाणं वाटायचं. आता कळतं की ती पाठभेद सांगत होती. जुनी प्रत बुडालेली, नवी प्रत हातात, आणि जुनीतला एकेक शब्द जिला पाठ आहे अशी ती एकटी. ज्यांनी गाव बदललेलं पाहिलं, नदी थांबलेली पाहिली, शेताचं रान आणि रानाचं राखीव रान झालेलं पाहिलं, त्यांना ‘जुनं बरं होतं’ म्हटल्यावर गप्प केलं जातं. प्रगतीला विरोध, म्हणतात. बुटाच्या बाबतीत मात्र अजून कोणी गप्प करत नाही. इथे माणूस खुशाल म्हणू शकतो की आठवीपेक्षा सातवी बरी होती, आणि का ते मिलिमीटरमध्ये सांगू शकतो. कधी कधी कंपनी ऐकतेही. एखाद्या पुढच्या आवृत्तीत जुनी टाच परत येते. गावाच्या बाबतीत असं कधी घडल्याचं मी पाहिलेलं नाही. म्हणून धावणाऱ्यांचं हे खूळ मला मोलाचं वाटतं. बदलाकडे डोळे उघडे ठेवून बघायची, त्याचं नाव घ्यायची, आणि नवं आलं म्हणून ते चांगलंच असं न मानायची ही तालीम आहे. ज्याला तीन मिलिमीटर कळतात त्याला तीन एकर कळतील.

याची दुसरी बाजूही मी भोगली आहे. माळ्यावरचे ते दोन कोरे जोड. तीन पावसाळे मी त्यांना हात लावला नाही. आमच्याकडचा पावसाळा म्हणजे भिंतीवर बुरशी, मिठाचं पाणी, कपड्यांना वास. गेल्या दसऱ्याला पहिला जोड काढला, पूजा केली, पायात घातला आणि अनमोडच्या रस्त्याला लागलो. दुसऱ्या किलोमीटरला उजव्याचा तळ पुढून सुटला आणि जिभेसारखा लोंबू लागला. बाजारात पिंपळाखाली बसणाऱ्या मामांकडे नेला. त्यांनी वाकवला, अंगठा रुतवला, कानाशी नेला आणि परत माझ्या हातात दिला.

‘मास्तर, चिकटवून देतो. पण ह्याचा जीव गेलाय.’

‘मामा, एकदाही वापरला नाही हो.’

‘म्हणून तर. वापरायचं ते वापरावं. चामडं असतं तर तेल पाजून राखलं असतं. ह्याला काय पाजणार?’

ते खरं होतं. दमट हवेत डिंक सुटतो, फोम न वापरताही वर्षांमागून वर्षं कडक होत जातो. बुटाची आवृत्ती ग्रंथासारखी राखता येत नाही. ती धावत असतानाच वाचायची असते. मामांनी तळ चिकटवला, वर चार टाके घातले आणि पैसे घेताना आठव्या आवृत्तीचा बूट मागून घेतला. तोही दाबला. ‘हा जिवंत आहे,’ म्हणाले, ‘जरा लाडावलेला आहे.’ चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पायांतलं हातात धरलेला माणूस. बुटाची याहून नेमकी पारख मी कुठे ऐकलेली नाही, आणि त्यांना कोणी जाणकार म्हणून बोलावल्याचंही ऐकलेलं नाही.

त्यानंतर मी ठरवलं की दोन्हींची तुलना एकाच धावेत करायची. डाव्या पायात सातवी, उजव्यात आठवी. रस्ता तोच, ऊन तेच, दम तोच, मग फरक फक्त बुटाचा. पहाटे निघालो, जगलबेटच्या बाजूला. रानातून धनेशाच्या पंखांचा आवाज येत होता. सुरुवातीला शरीर गोंधळतं, कंबर एका बाजूला कलते. किलोमीटरभराने पाय आपापलं बोलायला लागतात. डावा लवकर उत्तर देतो. उजवा विचार करून. सहाव्या किलोमीटरला एका वळणावर लेस बांधायला जांभ्या दगडावर बसलो.

पलीकडून कुणबी वाड्यावरची एक म्हातारी आली. डोक्यावर कोन नावाच्या कंदांची टोपली, पायात झिजलेली प्लॅस्टिकची चप्पल. माझ्या पायांकडे बघून थांबली.

‘मास्तर, एक जोडो खंय गेलो?’

मी सांगितलं. जुना आणि नवा, एक घट्ट, एक मऊ, कोणता बरा ते बघतो आहे. मला वाटलं ती हसेल. तिने टोपली खाली ठेवली, समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, ‘काड.’ मी दोन्ही काढून दिले. तिने ते मांडीवर घेतले, उलटे केले, आणि फणसाला लावतात तसा अंगठा आधी एकाच्या, मग दुसऱ्याच्या टाचेला लावला. दोनदा, तीनदा. घाई केली नाही.

‘हो कापो,’ सातवीवर हात ठेवून म्हणाली. ‘हो रसाळ.’

मग तिने उजव्या पायातली चप्पल बाजूला सारली. टाचेच्या भेगांत लाल माती बसलेली होती. ती तिने पदराने पुसली. आठवीची लेस सैल करून पाय आत घातला आणि माझ्या खांद्याचा आधार घेत उभी राहिली. पाय बुटात सैल होता. तिने सगळा भार त्या एका पायावर टाकला, काढला, परत टाकला.

मी विचारलं, ‘कसो दिसता, आजी?’

‘रांव रे,’ ती म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.